चौदा ओळींत न घेतलेलं नाव

शमशाद मॅडमनी लाल पेनानं पानाच्या मधोमध भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं. ते पुरेसं वाटेना म्हणून शेजारी आणखी एक काढलं आणि समासात लिहिलं, सोळापैकी चार. ते चारही उपकाराचेच होते.

"मेलीय म्हणे!" त्या स्टाफरूमच्या पंख्याकडे बघत म्हणाल्या. "चारशे वर्षं झाली, सगळे जिच्या नावानं उसासे टाकताहेत, ती बाई हिच्या मते मेलीय!"

पंखा नुसता करकरला. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली होती. अठ्ठ्याण्णव सालचा फेब्रुवारी होता, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या पूर्वपरीक्षेचे पेपर टेबलावर होते, आणि मॅडमना बावीस वर्षांत पहिल्यांदाच स्पेशल इंग्लिशच्या पेपरात न वाचलेलं उत्तर वाचावं लागलं होतं.

न वाचलेलं म्हणजे काय, ते सांगायला हवं. मॅडमच्या नोट्स होत्या. नोट्स म्हणजे साध्यासुध्या नव्हेत. कॉलेजच्या फाटकासमोर उजैरचं झेरॉक्सचं दुकान होतं, ते निम्मं त्या नोट्सवरच चालायचं. कोल्हापूर सोडा, सांगली-साताऱ्यापर्यंत त्यांच्या प्रती पोचल्या होत्या. पोरं त्या पाठ करत, मास्तर त्यावरून शिकवत, आणि पेपर तपासणारेही त्याच नोट्स मांडीवर ठेवून तपासत. त्यामुळे पेपर तपासायला घेतला की मॅडमना आपलंच वाक्य शंभर वेगवेगळ्या अक्षरांत परत भेटायचं. त्याचा त्यांना कंटाळा यायचा, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटायचा.

विद्याश्री हंजीनं ज्या कवितेवर घोळ घातला होता ते एक सुनीत होतं, म्हणजे सॉनेट. जुन्या इंग्रजीतलं, चौदा ओळींचं. कवीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पुस्तकात 'अज्ञात' असं छापलेलं होतं. पहिल्या चार ओळींत ती स्त्री उंचावर, फुलांच्या राशीत आहे. माणसं येतात, वाकतात, निघून जातात, आणि ती कुणाकडेही बघत नाही. पुढच्या चार ओळींत तिचं कपाळ म्हणजे पाऊल न उमटलेलं बर्फ, आणि तिचे ओठ म्हणजे लाख लावून बंद केलेलं पत्र. त्याच्या पुढच्या चारांत तिचा हात संगमरवराचा. कवी त्यावर आपला श्वास सोडतो, पण दगडाला ऊब म्हणून येत नाही. आणि शेवटच्या दोन ओळींत कवी तिलाच म्हणतो, तुझं नाव माझ्या ओठांवर आहे, पण मी ते घेणार नाही. घेतलं तर उत्तराची वाट बघत बसावं लागेल.

यावर मॅडमच्या नोट्स अशा चोख होत्या की बोट ठेवायला जागा नाही. बर्फ म्हणजे तिचा निष्ठुरपणा. लाख म्हणजे तिचा अबोला. संगमरवर म्हणजे तिचं काळीज. फुलं आणि माणसं म्हणजे तिचा तोरा. नाव न घेणं हा त्या काळच्या दरबारी प्रेमातला शिष्टाचार. प्रत्येक मुद्द्यापुढे कंसात एकेका विलायती समीक्षकाचं नाव, कारण नावाला अर्धा मार्क असतो हे मॅडमना पक्कं माहीत होतं. सगळ्या उत्तराला मथळा होता, 'क्रूर सुंदरी'.

आणि ही कागलची पोरगी लिहिते की ती क्रूर वगैरे काही नाही, ती मेलेली आहे. तिला बसवून ठेवलंय, आणि कवी तिच्याजवळ उभा राहून बोलतोय.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला बोलावून घेतलं. विद्याश्री आली ती पदराला लावायची पिन तोंडात धरून. कागलहून रोज एसटीनं यायची, आणि एसटीत साडी कुठं जागेवर राहते! तिनं पिन लावली, आपल्या उत्तरावरची दोन प्रश्नचिन्हं बघितली, आणि खाली मान घालून उभी राहिली.

"हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"कुठल्याच नाही मॅडम."

"मग डोक्यातून काढलंस?"

"अव्वानं सांगितलं."

"कुणी?"

"आईनं. मी तुमच्या नोट्स मोठ्यानं पाठ करत होते. अव्वा चुरमुरे भाजत होती. म्हणाली, काय गं एवढं घोकतीस, मला तरी सांग. मी सांगितलं. तर म्हणाली, ती बाई मेलीय, एवढं कळंना व्हय तुझ्या पुस्तकवाल्यांस्नी?"

मॅडमना हसू आलं, पण ते त्यांनी ओठांतच दाबलं. "तुझी आई किती शिकलीय?"

"सही करते."

"हे बघ विद्या. आईचं मला कौतुक आहे. पण एप्रिलात पेपर तपासणारा कोण असणार? सांगलीचा नाहीतर कराडचा. त्याच्या मांडीवर माझ्याच नोट्स असणार. तो तुला चार तरी देईल का? आत्ता तू अठ्ठावन्नावर आहेस. फर्स्ट क्लास गेला तर एम.ए.ची अ‍ॅडमिशन गेली, होस्टेल गेलं. मग काय करशील?"

"चुरमुरे भाजीन," विद्याश्री म्हणाली.

ते उद्धटपणे म्हणाली नाही, नुसतं सांगितलं. आणि मग हळूच म्हणाली, "मला आता दुसरं लिहिता येत नाही मॅडम. नोट्समधलं लिहायला बसते, आणि ती डोळ्यासमोर येते. फुलांत बसवलेली."

"बसवलेली नाही गं बाई! इंग्रज आपली माणसं आडवी पुरतात. हे तुझं इथंच चुकलं."

विद्याश्रीनं मान हलवली. ती होय होती की नाही, ते मॅडमना कळलं नाही. पोरगी गेली. मॅडमनी गठ्ठा बांधला, आणि बांधलेला परत सोडून ते उत्तर पुन्हा एकदा वाचलं.

कसबा बावड्यात मॅडमचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा मौलाली एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला होता आणि आता गल्लीतले जुने रेडिओ दुरुस्त करत बसायचा. शेजारपाजारच्या बायका नवऱ्याला 'अहो' म्हणत, 'ऐकलं का' म्हणत. मॅडमचं तसलं काही नव्हतं. दारात पाय ठेवला की त्या नवऱ्याला नावानं हाक मारत, आणि तीही गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशी. बायका पदरात तोंड लपवून हसत. हाक ऐकू जायची सगळ्या गल्लीला, फक्त मौलालीला तिसऱ्यांदा मारल्यावर ऐकू यायची.

"मौलाली! मौलाली! अहो महाराज, मौलाली!"

"ओ! आलो की. ओरडतीस किती!"

"तीन हाका लागतात तुला. बहिरा झालास का?"

"रेडिओला कान लावलाता," असं म्हणत तो हातातला स्क्रू ड्रायव्हर पुसत बाहेर आला. हे रोजचंच.

जेवताना मॅडमनी विचारलं, "मला एक सांग. एका बाईचा हात गार आहे. त्यावर श्वास सोडला तरी गरम होत नाही. का होत नसेल?"

मौलालीनं भाकरी मोडता मोडता विचार केला. तीस वर्षं त्यानं गाड्यांखाली झोपून काढली होती.

"इंजिन बंद असंल," तो म्हणाला आणि कालवण वाढून घेतलं.

मॅडमनी हातातला घास तसाच ठेवला.

रविवारी सकाळी त्या कागलला गेल्या. कुणाला सांगून गेल्या नाहीत. मौलालीला म्हणाल्या, बहिणीकडे जाऊन येते. प्राध्यापक बाईनं चुरमुरेवालीकडे कविता विचारायला जायचं म्हणजे काही सांगत सुटण्यासारखी गोष्ट नव्हती. एसटी स्टँडच्या मागच्या बोळात भडंगाचं दुकान होतं. दुकान कसलं, घराची पुढची खोली. लसणाचा आणि तिखटाचा वास बोळाच्या तोंडापासूनच नाकात शिरला. बसम्मा कढईसमोर बसली होती, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात झारा. विद्याश्री आतून धावत आली आणि मॅडमना बघून जागीच थिजली.

"अव्वा, मॅडम आल्यात. कॉलेजच्या."

"या की बाई. बसा. विद्ये, पाणी आण. आन् पाट दे त्यास्नी, अशा काय उभ्या ठेवतीस!"

मॅडम पाटावर बसल्या. थोडं इकडचं तिकडचं झालं. बसम्मानं मूठभर गरम भडंग कागदावर घालून पुढं केलं. मॅडमनी दोन दाणे तोंडात टाकले, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या संधीचा फायदा घेऊन त्यांनी विषय काढला.

"अक्का, ती कविता. ती बाई मेलीय असं तुम्ही म्हणालात. कशावरून?"

बसम्मानं झारा कढईच्या काठावर ठेवला. तिला प्रश्नाचं नवल वाटलं नाही, मॅडम विचारतात याचं वाटलं.

"तुमीच सांगा बाई. फुलं घातल्यात. माणसं येत्यात, पाया पडत्यात, जात्यात. आन् ती कुणाकडं बघंना. असं बाईमाणसाच्या जन्मात किती येळा हुतं? दोनदा. एकदा लग्नात आन् एकदा ह्ये. लग्नात बी बाई कुणाकडं बघत न्हाय. पर लग्नात हात गरम असतो."

विद्याश्री दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच राहिली.

"आमच्यात माणसाला बसवून न्हेत्यात," बसम्मा सांगू लागली. "न्हाऊ घालायचं, कपाळभर विभूती लावायची, हार घालायचं, आन् उंच बसवायचं. देवावानी दिसतंय माणूस. पांढरं कपाळ. आपुन म्हणायचं, आता बोलंल, आता बोलंल. तुमच्या त्या पुस्तकात बर्फ लिवलंय न्हवं कपाळाला? मला वाटलं, विभूतीच हाय."

"पण अक्का, इंग्रज माणसाला बसवत नाहीत. आडवं ठेवतात."

"मग आडवी असंल. त्यांचं ते बघतील." बसम्मानं हातानंच तो मुद्दा बाजूला सारला. "पर त्यानं उपमा दिल्यात असं जे तुमी म्हणतासा न्हवं, ते मला पटंना. ह्ये बर्फासारखं, ते दगडासारखं. त्यानं काय उपमा-बिपमा दिली न्हाय बाई. गार हुतं म्हणून गार म्हणाला. बोलंना म्हणून बोलंना म्हणाला. जे दिसलं ते सांगितलंय."

 मॅडमनी बावीस वर्षं ह्या कवितेतल्या उपमा मोजल्या होत्या, त्यांना नावं दिली होती, पोरांकडून त्या पाठ करून घेतल्या होत्या. एकही उपमा नसेल, असा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता. आणि आता तो शिवला, तर सगळी कविता त्यांच्यासमोर उठून उभी राहिली. पाऊल न उमटलेलं बर्फ. उघडणार नाही असं पत्र.

"आणि शेवट?" त्यांनी विचारलं. "शेवटच्या दोन ओळींत तो एकदम तिच्याशी बोलायला लागतो. तिथं कविता वळते."

"वळंलच की. आदी लोकांम्होरं बोलत हुता. मग लोकं गेली असतील. आपापल्या घरला जात्यातच की लोकं. मग ह्यो एकटाच तिच्यापाशी ऱ्हायला."

"चौदाच ओळी का, ते विचारत होती अव्वा," विद्याश्री दारातून म्हणाली. "मी म्हटलं, रीत आहे."

"आमच्या उखाण्याला दोनच असत्यात," बसम्मा हसली. "कुठलं तरी सांगायचं, ताट-वाटी, वेल-फूल, आन् शेवटाला नाव घ्यायचं. ह्यानं बारा ओळी घोळवलं. मला वाटलं आता घील नाव. तर घेतलंच न्हाय की! तवाच मी वळीकलं. नाव जड झालंय त्याला."

कढईतला लसूण करपायला लागला होता. तिनं झारा उचलून तो बाजूला काढला.

"अव्वा पण बाबांचं नाव घेत नाही," विद्याश्री म्हणाली. "बाबा जाऊन अठरा वर्षं झाली. रेशनच्या हापिसात विचारलं तर माझ्याकडं बघते. मग मी सांगते."

"गप गं," बसम्मा म्हणाली. मग मॅडमकडे न बघता, कढईलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "त्यानं लिवलंय ते खरं हाय बाई. घेतलं की वाट बघत बसाय लागतं."

निघताना बसम्मानं भडंगाची पुडी मॅडमच्या पिशवीत कोंबली आणि दाराशी आल्यावर आवाज खाली आणून म्हणाली, "पोरीला मी सांगितलंय, बाईंच्या नोटांतलंच लिही. मार्क पायजेत. माझं काय ऐकतीस, मी अडाणी. पर लई हट्टी हाय. तुमी सांगा."

"सांगते," मॅडम म्हणाल्या. विद्याश्री बोळाच्या तोंडापर्यंत सोडायला आली. तिथं मॅडम थांबल्या.

"जे लिहिलं होतंस तेच लिही."

"आणि मार्क?"

"ते माझ्याकडं लागलं."

म्हणायला म्हणाल्या, पण एसटीत बसल्यावर हिशेब मांडू लागल्या. पेपर तपासणाऱ्याला अर्थ पटतो की नाही हा प्रश्नच नसतो. तो बघतो नाव. नावाशिवाय अर्थ म्हणजे वशिल्याशिवाय नोकरी! आणि नाव आणायचं कुठून? हा अर्थ जगात कुणी मांडला असेलही, पण मॅडमनी वाचलेल्या पुस्तकांत तरी तो नव्हता. आपल्या नावावर खपवावा, हा विचार उंचगावच्या पुलापर्यंत त्यांच्या डोक्यात होता, खोटं कशाला बोला. पूल ओलांडला आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

सोमवारी त्या उजैरच्या दुकानात जाऊन बसल्या. तिथल्या स्टुलावर बसूनच त्यांनी दोन पानं लिहिली. वर मथळा, 'उत्तर दुसरे'. खाली सगळं सरळ, सोप्या इंग्रजीत: फुलं, कपाळ, ओठ, हात, लोक निघून जाणं, न घेतलेलं नाव. या कवितेतल्या उपमा ह्या उपमा नव्हेतच, असं एक वाक्य त्यांनी अधोरेखित केलं. बसवण्याचा मुद्दा तेवढा गाळला. आणि जुन्या नोट्सच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'उत्तर पहिले अपुरे आहे. दुसरे वाचावे. श. मु.'

उजैरनं पानं हातात घेऊन सवयीनं समास बघितला. इंग्रजी त्याला फारसं येत नव्हतं, पण मॅडमच्या नोट्स कशा असतात ते त्याला पाठ होतं.

"मॅडम, कंसातली नावं ऱ्हायली की."

"एकच आहे," मॅडम म्हणाल्या, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे कंसात लिहीत गेल्या: बसम्मा, कागल.

"ह्या कोण?"

"मोठ्या समीक्षक आहेत."

"आपल्या कागलच्या?"

"का? कागलला समीक्षक नसतात? टाक दोनशे कॉप्या. आणि ज्यांनी जुन्या नेल्यात त्यांना बोलावून फुकट दे."

बावीस वर्षांचं आपलं उत्तर अपुरं आहे असं आपल्याच हातानं लिहून वाटणं, याला छाती लागते. स्टाफरूममध्ये कुजबुज झाली. एकजण म्हणाला, बाईंचं वय झालं. मॅडमनी ते ऐकलं आणि चहात बिस्किट बुडवलं.

जूनमध्ये निकाल लागला. विद्याश्रीला एकसष्ट टक्के पडले. ती पेढे घेऊन आली, मॅडमच्या पाया पडली, आणि एम.ए.चा फॉर्म तिथंच टेबलावर भरला. मॅडमनी पेढा खाल्ला आणि ती गेल्यावर खुर्चीत मागं रेलून मोठ्यानं "या अल्ला!" म्हणाल्या. तीन महिने अडकलेला श्वास सुटला होता.

आठवड्याभरानं कॉलेजच्या ऑफिसात त्यांच्यासाठी फोन आला. सांगलीचे एक जुने प्राध्यापक होते, पेपर त्यांनीच तपासले होते.

"बाई, एक विचारायचं होतं. सत्तर-ऐंशी पेपरांत एका समीक्षकाचं नाव आलं. बसम्मा कागल. आधी मला वाटलं, सामुदायिक कॉपी. भोपळा द्यायलाच निघालो होतो. मग म्हटलं, वाचून तर बघू." ते थोडे थांबले. "बाई, मीही तीस वर्षं क्रूर सुंदरीच शिकवली हो. कुठल्या विद्यापीठात असतात ह्या?"

"कागलला," मॅडम म्हणाल्या. "एसटी स्टँडच्या मागं."

मॅडमनी चुरमुऱ्यांपासून सगळं सांगितलं. लाईन कट झाली की काय असं वाटून मॅडम दोनदा हॅलो म्हणाल्या.

"मी या कवितेवर लेख लिहितोय," शेवटी आवाज आला. "त्यात त्यांचं नाव द्यायला पाहिजे. नीट, पूर्ण नाव. नुसतं बसम्मा बरं दिसणार नाही. मिळेल का?"

मिळायला काय, नाव हजेरीपटावरच होतं. पोरीच्या नावापुढं बापाचं नाव असतंच. त्यावरून आईचं करायला किती वेळ लागतो! मॅडमनी कागद पुढं ओढला, पेन उघडलं, आणि बंद केलं. दुपारच्या एसटीनं त्या कागलला गेल्या.

बसम्मा मापट्यानं चुरमुरे मोजून पोत्यात भरत होती. विद्याश्री कोल्हापूरला होस्टेलची चौकशी करायला गेली होती. मॅडमनी लेखाचं सांगितलं. बसम्माला आधी काही कळेना, मग कळलं, मग तिनं पदर तोंडाला लावला.

"माझं नाव? पुस्तकात? काय चेष्टा करतासा बाई!"

"चेष्टा नाही अक्का. सत्तर-ऐंशी पोरांनी पेपरात लिहिलंय. आता छापून येणार. म्हणून विचारायला आले, पूर्ण नाव घालू का? मला ठाऊक आहे, रजिस्टरवर आहे. तुम्ही काही बोलू नका. नुसतं होय म्हणा, मी लिहिते."

त्यांनी वही मांडीवर घेतली आणि लिहिलं, बसम्मा. पुढचा शब्द लिहायला पेन टेकवलं.

"थांबा," बसम्मा म्हणाली.

तिनं मापटं खाली ठेवलं. पदराला हात पुसले, पदर डोक्यावरून नीट घेतला, आणि मांडी बदलून ताठ बसली. उखाणा घ्यायला बसवलेली नवी नवरी असते, तशी.

"माझं नाव हाय न्हवं? मग मी सांगते. लिवा." तिचे ओठ दोनदा हलले, पण आवाज फुटला नाही. मॅडमनी वहीवरून नजर उचलली नाही.

"बसम्मा," ती म्हणाली. "बसम्मा चन्नाप्पा हंजी."

मॅडमनी लिहिलं. लिहून झाल्यावर वर बघितलं, तर बसम्मा त्यांच्याकडे बघत नव्हती. तिची मान आतल्या खोलीच्या दाराकडे वळली होती. ती तशीच बसून राहिली, दळणाची गिरणी मध्येच बंद पडल्यावर माणूस थबकतो तशी. बोळातून एक सायकल गेली. स्टँडवर कंडक्टर निपाणी, निपाणी असं ओरडत होता. आतून काहीच आवाज आला नाही.

मग तिनं मापटं उचललं आणि चुरमुऱ्यांत खुपसलं.

"लिवलंसा?"

"लिहिलं."

"वाचून दावा."

मॅडमनी वाचून दाखवलं. बसम्मानं मान डोलावली आणि पुढचं माप पोत्यात ओतलं.

मॅडम घरी पोचल्या तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. दाराशी चप्पल काढून त्यांनी हाक मारली, "मौलाली."

आतून रेडिओची खरखर ऐकू येत होती. पण ओ आली नाही. मॅडम उंबऱ्यावर एक हात ठेवून उभ्या राहिल्या. समोरच्या घरातल्या बाईनं खिडकीतून बघितलं; आज आवाज कसा काय एवढा बारीक, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"मौलाली."

खरखर थांबली नाही. मॅडमनी उंबऱ्यावरचा हात काढला नाही, आणि तिसरी हाक त्यांच्याच्यानं चटकन मारवेना.

"मौलाली," शेवटी त्या म्हणाल्या.

"ओ! आलो की," आतून आवाज आला. स्क्रू ड्रायव्हर पुसत तो दारात आला आणि सवयीनं बोलणी खायला तयार होऊन उभा राहिला. मॅडमनी पुढं होऊन त्याचा तेलकट हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"काय झालं गं?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "गरम आहे."